कुठलं म्हणायचं पाव्हणं?

माझा मामेभाऊ अमेरिकेत नोकरी करतो. घर गलाईवाल्यांचं. मामांनी केरळात तीस वर्षं सोनं-चांदी गाळली. समुद्र खोलीपासून चालत जाण्याच्या अंतरावर होता, पण त्यात पाय घातल्याचं त्यांनी कधी सांगितलं नाही. त्यांच्या या पोराचा मध्ये मेसेज आला: "अँटिग्वाला चाललोय आठ दिवस. कॅरिबियनमधी हाय. तू वाचतोस बिचतोस, तिथं काय करायचं आसतंय ते बघ की जरा."

बघितलं. 'अँटिग्वात करण्यासारख्या गोष्टी' अशा याद्या दोन दिवस आटपाडीत बसून फोनवर वाचत होतो. दहा गोष्टी, पंधरा गोष्टी, एका ठिकाणी सत्तावीस. बेटावर 365 समुद्रकिनारे आहेत, वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक. हे वाक्य प्रत्येक यादीत आहे, आणि कुणीही ते मोजून लिहिलेलं नाही हेही उघड आहे. नेल्सन्स डॉकयार्ड पाहा. रविवारी संध्याकाळी शर्ली हाइट्सच्या टेकडीवर जा, स्टीलपॅनचं संगीत ऐका, रम घ्या, सूर्यास्त बघा. स्टिंगरे माशांबरोबर पोहा. काळा अननस चाखा. कॅटामरानमधून बेटाला चक्कर मारा.

आपल्या पिढीत प्रवासाबद्दलचं सगळ्यात जास्त काय वाचलं जात असेल तर ह्या याद्या. पु. लं.चं 'अपूर्वाई' घरात असतं, पण तिकीट काढण्याआधी आपण यादी वाचतो. तरी तिला कुणी लेखन समजत नाही, त्यामुळे तिच्यावर समीक्षाही होत नाही. मला ती व्हायला हवी असं वाटतं. यादीला शैली आहे, व्याकरण आहे, आणि काय सांगायचं नाही याचा पक्का नियमही आहे.

व्याकरण आज्ञार्थी. पाहा, चाखा, अनुभवा, विसरू नका. क्रियापदाचा कर्ता कायम वाचणारा. बेटावरची माणसं येतात ती विशेषण म्हणून: 'हसतमुख', 'निवांत', 'रंगीबेरंगी'. सत्तावीस गोष्टींमध्ये एकही स्थानिक माणूस क्रियापदासकट येत नाही. कुणी चिडत नाही, कुणी कामावरून घरी जात नाही. नेल्सन्स डॉकयार्डबद्दल यादी सांगते की जॉर्जियन वास्तुकलेचा सुंदर नमुना, 2016 पासून जागतिक वारसास्थळ. गुलाम केलेल्या आफ्रिकन माणसांच्या श्रमाशिवाय हे गोदीकाम उभंच राहिलं नसतं, हे युनेस्कोच्या नोंदीतसुद्धा लिहिलंय. यादीनं त्यातलं वारसास्थळ घेतलं आणि माणसं तिथंच ठेवली.

दादाला यादी पाठवण्याऐवजी मी एका पुस्तकाचं नाव पाठवलं. जमैका किंकेडचं 'अ स्मॉल प्लेस', 1988 सालचं, शंभर पानंसुद्धा नाहीत. किंकेड 1949 मध्ये अँटिग्वातच जन्मली, कोवळ्या वयात पोरं सांभाळायच्या नोकरीसाठी न्यूयॉर्कला गेली, पुढे लेखिका झाली. 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकात ती नेमानं लिहायची, पण हे लेखन त्यांनी छापलं नाही. फार रागीट वाटलं. रागीट आहेच ते. मला ते पुस्तक म्हणजे यादीला दिलेलं उत्तर वाटतं. तेच विमानतळ, तोच टॅक्सीवाला, तोच निळा समुद्र, त्याच क्रमानं, पण प्रत्येक गोष्टीसमोर तिचा हिशेब. विमानतळाला पंतप्रधानाचं नाव का, शाळेला किंवा दवाखान्याला का नाही. महागड्या जपानी गाड्या खडखडत का चालतात. ज्या पाण्यात तुम्ही डुंबताय, त्यात हॉटेलचं सांडपाणी कुठून मिसळतं. शहरातलं वाचनालय 1974 च्या भूकंपात मोडलं, दुरुस्ती होणार अशी पाटी लागली, आणि दहा-बारा वर्षांनी ती लिहीत होती तेव्हाही पाटी तशीच होती. या वाचनालयावरची पानं पुस्तकातली सगळ्यात चांगली आहेत. लहानपणी आपण तिथून पुस्तकं चोरायचो, हे ती त्याच दमात सांगून टाकते.

पण आटपाडीत बसून वाचताना मी अडकलो ते पाण्यापाशी.

अँटिग्वात म्हणण्यासारखी नदी नाही. बेट कायम अवर्षणाचं. पॉटवर्क्स नावाचा त्यांचा मोठा तलाव दुष्काळात कोरडा पडलेला आहे. आता बरंचसं पाणी समुद्राचं खारं पाणी गोडं करून मिळवतात, आणि छपराचं पावसाचं पाणी साठवायला घराघरात टाक्या असतात. किंकेड म्हणते ते थोडक्यात असं: पर्यटकाला इथलं स्वच्छ ऊन आवडतं, चार दिवसांच्या सुट्टीत पाऊस पडू नये एवढीच त्याची इच्छा असते, चहूबाजूंनी समुद्र असूनही गोड्या पाण्याचा थेंब-थेंब जपणाऱ्या माणसाचं काय होत असेल, हे त्याच्या मनात येत नाही. याद्यांमध्ये हेच 'वर्षभर सूर्यप्रकाश' म्हणून येतं.

वर्षभर सूर्यप्रकाश आमच्याकडेही असतो. आटपाडी, जत, माण, सांगोला, सगळा पर्जन्यछायेचा पट्टा. आमच्या इथं पाण्याच्या परिषदा भरल्या, नागनाथअण्णा नायकवडींच्या मागं दुष्काळी तालुक्यांतली माणसं वर्षानुवर्षं उभी राहिली, तेव्हा कुठं कृष्णेचं पाणी टेंभू योजनेतून टप्प्याटप्प्यानं उचलून इकडं आलं. त्या ओळी वाचताना वाटलं, ही बाई आटपाडीची आहे.

मग लगेच एक गोष्ट आठवली आणि जरा ओशाळलो. डाळिंबाची बाग बहरात असताना आमच्या घरात आभाळाकडं कोण कसं बघतं? ढगाळ हवा पडली की तेल्याची भीती. चार दिवस आभाळ निवळ राहू दे म्हणून आम्हीही अँटिग्वातल्या पर्यटकासारखेच हात जोडतो. ज्यांच्या शेजारच्या रानात अजून पाणी पोचलेलं नाही, ते तेव्हा पावसाची वाट बघत असतात. किंकेडच्या पुस्तकात पर्यटक आणि रहिवासी यांच्यामधली रेघ फार ठळक आहे. आमच्या गावात ती बांधावरून जाते.

दुसरी आठवण छावणीची. 2013 च्या दुष्काळात आम्ही जनावरं घेऊन चारा छावणीत होतो. मी शाळकरी. गाड्या यायच्या, माणसं उतरायची, कॅमेरे निघायचे. एकानं आजीला सांगितलं, आजी, जरा आभाळाकडं बघा. आजीनं बघितलं. आभाळात काही नव्हतं, आणि ते तिला सकाळपासून माहीत होतं. फोटो काढून तो गेला. त्याला वाईट म्हणता येणार नाही, त्याच्या बातमीनं कदाचित चारा लवकर आला असेल. पण तेव्हापासून 'प्रेक्षणीय' हा शब्द मला आतून कसा लागतो, ते मला कळतं. आपण यादीतली एक गोष्ट असतो तेव्हा आपल्याला कुणी काही विचारत नाही.

किंकेडचं सगळं पुस्तक एका शब्दावर उभं आहे: इंग्रजीतलं 'यू'. ती वाचणाऱ्यालाच पर्यटक करून टाकते आणि त्याच्या तोंडावर बोलते. मराठीत आणायचं तर हे 'यू' काय करायचं? मी पहिली चार पानं वहीत करून बघितली. 'तू' लिहिलं की लिंग सांगावं लागतं, उतरतोस की उतरतेस. मूळ पुस्तकात तो प्रश्नच येत नाही. शिवाय 'तू' आमच्याकडे आईला आणि देवाला. रागाचं 'तू' असतंच, पण ते पहिल्याच वाक्यात भांडण लावून देतं, आणि किंकेड पहिल्या वाक्याला भांडत नाही. ती आधी गोड बोलून आत घेते. 'तुम्ही' लिहिलं की ते थेट हॉटेलच्या स्वागतकक्षातलं बोलणं होतं, 'तुम्ही कुरूप आहात' हेसुद्धा ग्राहकसेवेच्या सुरात ऐकू येतं. 'आपण'चं तर नावच नको.

शेवटी मला सापडला तो शब्द एसटी स्टँडवरचा. आमच्याकडं अनोळखी माणूस दिसला की म्हणतात, "कुठलं म्हणायचं पाव्हणं?" यात मान आहे, चहाची तयारी आहे, आणि चौकशीही आहे. गाव सांगावं लागतं, कुणाकडं आलाय ते सांगावं लागतं. जास्त शहाणपणा केला तर त्याच शब्दाचा सूर बदलतो: "या की पाव्हणं, बसा की!" यातला मान तसाच राहतो आणि माणूस घामाघूम होतो. किंकेडचा आवाज मला नेमका असा वाटतो. 'पाव्हणं, तुम्ही विमानातनं उतरता' अशी सुरुवात केली तेव्हा पानं पहिल्यांदा चालायला लागली. पर्यटकाला पाहुणा केलं की तो उत्तर द्यायला बांधला जातो. यादी हा प्रश्न कधी येऊच देत नाही. तिच्यात सगळे उतरतात, पण 'कुठलं?' असं कुणी विचारत नाही.

आणि इथंच पुस्तकाबद्दलची माझी तक्रारही आहे. किंकेड प्रश्न विचारते पण पाव्हण्याला तोंड उघडू देत नाही. ते एक वेळ चालेल, त्यानं शेकडो वर्षं बोलून घेतलंय. पण ती तिच्या बेटावरच्या माणसांनाही फारसं बोलू देत नाही. टॅक्सीवाला आहे, मंत्री आहेत, हॉटेलात कामाला जाणाऱ्या पोरी आहेत. त्यांच्या वतीनं रागावते ती. बेट लहान, माणसं लहान गोष्टींत अडकलेली, असं ती आपल्याच लोकांबद्दल जे सरसकट बोलते, ते वाचताना मला ती परगावाहून सुट्टीला आलेल्या शहाण्या नातेवाइकासारखी वाटते. तसे आमच्याकडं प्रत्येक दिवाळीला येतात. ती लिहीत होती तेव्हा अमेरिकेत राहत होती, परतीचं तिकीट तिच्याकडंही होतं. हे तिलाही ठाऊक आहे, पण पुस्तकात ती त्यावर थांबत नाही.

थांबणारा एक लेखक कॅरिबियनमध्ये आहे. सेंट लुशियाचा डेरेक वॉलकॉट. 1992 च्या नोबेल भाषणात तो त्रिनिदादमधल्या फेलिसिटी नावाच्या गावी रामलीला बघायला गेल्याचं सांगतो. 1845 पासून मळ्यांवर नेलेल्या भारतीय मजुरांची ती वंशजं. वॉलकॉट नाटककार, त्याला ते नाटक वाटलं. मग त्याच्या लक्षात आलं की करणाऱ्यांसाठी ते नाटक नव्हतंच, श्रद्धा होती. चूक आपल्या बघण्यात होती. शेजारच्या बेटावरून आलेला माणूसही पर्यटक असू शकतो, हे त्यानं स्वतःवर घेतलं.

आणि दुसरा लेखक आमच्याच तालुक्यातल्या माडगुळ्याचा. 'बनगरवाडी' 1955 ची. ती मी शाळेत दुष्काळाची कादंबरी म्हणून वाचली होती. या वेळी बाहेरून आलेल्या माणसाची कादंबरी म्हणून वाचली. राजाराम मास्तर औंध संस्थानच्या नोकरीत, कोवळा पोरगा, धनगरांच्या वाडीवर जातो. त्याला काय बघायचं याची यादी नसते, आणि बघण्यासारखं वाडीत काही नसतंही. वाडीच त्याला जोखते. कारभारी बोलतो, आनंदा रामोशी बोलतो, प्रत्येकाच्या बोलण्यात मास्तराची थोडी थोडी परीक्षा असते. मास्तर तालीम बांधायचं मनावर घेतो, राजाला उद्घाटनाला आणतो, आणि थोड्याच काळात दुष्काळ पडून वाडीच उठून जाते. मास्तरानं काही वाचवलं असा आव व्यंकटेश माडगूळकर आणत नाहीत. मास्तर तिथं होता, त्यानं नावं लक्षात ठेवली, एवढंच. किंकेडकडं जो राग आहे तो माडगूळकरांकडं नाही, आणि कधीकधी मला वाटतं तो असायला हवा होता. वाडी ओस पडली त्याला नुसतं आभाळ जबाबदार नव्हतं. पण माणसाला बोलू कसं द्यायचं, हे मला 'बनगरवाडी'तच दिसतं.

दादानं पुस्तक विमानात वाचलं. उतरल्यावर मेसेज: "लई श्या घातल्यात की ह्या बाईनं. आता पोहायचं का न्हाय?" मी म्हटलं, पोह. मामांनी तीस वर्षांत पाय घातला नाही, त्यांच्या वाटचंही पोह.

आठ दिवसांत त्यानं बरंच काही केलं. डॉकयार्ड बघितलं. जुन्या अँटिग्वा रिक्रिएशन ग्राउंडवर गेला, जिथं लारानं 375 आणि 400 केले आणि जबडा मोडलेल्या कुंबळेनं 2002 मध्ये पट्टी बांधून गोलंदाजी केली. ही जागा एकाही यादीत मला सापडली नव्हती. समुद्राचे फोटो त्यानं कुटुंबाच्या ग्रुपवर टाकले. मला वेगळा एक पाठवला. टॅक्सीवाल्याच्या घराचा होता. पत्र्याची पन्हाळ, पन्हाळीला पाइप, खाली काळी प्लॅस्टिकची टाकी, आपल्या पत्र्यावर असते तशीच. खाली लिहिलं होतं: "त्यानं विचारलं कुठला म्हणून. सांगितलं. मग टँकर कितीला पडतो ते मी त्याला विचारलं, आन त्यानं मला. आर्धा तास गेला ह्यातच."