महागड्या शहरांची यादी आणि मावशींचा पगार

दरवर्षी 'जगातली सर्वांत महाग शहरं' अशी बातमी येते आणि ती आली की मला दोन-तीन मेसेज हमखास येतात. "ताई, झुरिचला पीएचडीची संधी दिसतेय, पण ते तर महागाईत जगात पहिलं आहे. परवडेल का?" प्रश्न अगदी रास्त आहे. फक्त त्याचं उत्तर त्या यादीत नाही. का नाही, ते आज नीट उलगडून बघू. संशोधनाकडे वळणाऱ्या कुणालाही ही सवय लागते: आकडा वाचायच्या आधी तो कोणी, कोणासाठी आणि कसा काढला ते विचारायचं.

यादी कोणासाठी बनते?

सर्वांत जास्त बातम्या होतात त्या इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिटच्या पाहणीच्या. २०२३ मध्ये तिने १७३ शहरांतल्या दोनशेहून अधिक वस्तू आणि सेवांच्या चारशेहून अधिक किमती गोळा केल्या. सिंगापूर आणि झुरिच संयुक्तपणे पहिले आले, जिनिव्हा आणि न्यूयॉर्क तिसरे. न्यूयॉर्क म्हणजे १०० धरायचं आणि बाकी शहरं त्याच्याशी ताडून बघायची, अशी ही पद्धत.

या पाहणीचा हेतू काय? कंपन्यांना परदेशी पाठवलेल्या अधिकाऱ्यांचा भत्ता ठरवता यावा, हा. हे लपवलेलं अजिबात नाही, त्यांनीच सांगितलेलं आहे. टोपलीत काय काय आहे तेही सांगितलेलं आहे: किराणा, कपडे, घरभाडं, प्रवास, खासगी शाळा, आणि घरकामाला ठेवलेल्या माणसाचा खर्च.

दुसरी गोष्ट, सगळ्या किमती डॉलरमध्ये बदलून घेतल्या जातात. २०२३ ला झुरिच सहाव्या क्रमांकावरून पहिल्यावर आलं, त्याचं एक मोठं कारण फ्रँक वधारला हे होतं. त्या वर्षी स्वित्झर्लंडमधली महागाई सरासरी २.१ टक्के होती, म्हणजे आपल्यापेक्षा कितीतरी कमी. जो फ्रँकमध्ये कमावतो आणि फ्रँकमध्येच खर्च करतो, त्याच्यासाठी डॉलरचा भाव बदलल्याने मंडईतला टोमॅटो महाग होत नाही. पण यादीत शहर वर चढतं. तुम्हाला फेलोशिप फ्रँकमध्ये मिळणार असेल, तर त्या क्रमांकाचा बराचसा भाग तुमच्याशी संबंधितच नाही.

एकाचा खर्च, दुसऱ्याचा पगार

आता मूळ मुद्द्याकडे येते. त्या टोपलीतली 'घरकामाला माणूस' ही ओळ पुन्हा वाचा. तो खर्च आहे, बरोबर. पण कोणाचा? माणूस ठेवणाऱ्याचा. जी मावशी काम करते तिच्यासाठी तोच आकडा पगार आहे. तिला तासाला दोन फ्रँक वाढवून मिळाले, तर या पद्धतीत शहर 'आणखी महाग' झालं, म्हणजे बिघडलं! त्या ओळीचं वजन थोडं असेल, पण दिशा बघा. केस कापायची मजुरी, हॉटेलातलं जेवण, मुलं सांभाळणं, सगळ्या सेवांचं असंच आहे. श्रीमंत शहरात सेवा महाग असतात त्याचा मोठा भाग म्हणजे कोणाची तरी मजुरी असते.

त्यामुळे 'महाग शहर' हे शब्द आपण फार सैल वापरतो. भाडं चढल्यामुळे महाग झालेलं शहर आणि सफाई कामगाराला बरा पगार दिल्यामुळे महाग झालेलं शहर, यादीत दोन्ही एकसारखीच दिसतात. राहणाऱ्यासाठी मात्र ती दोन वेगळी शहरं आहेत.

मे २०२० मधली रांग

जिनिव्हात बँका आहेत, संयुक्त राष्ट्रांची कार्यालयं आहेत, घड्याळांच्या कंपन्या आहेत. करोनाच्या काळात, मे २०२० मध्ये, तिथल्या व्हेर्ने या आइस रिंकबाहेर शनिवारी एक किलोमीटरहून लांब रांग लागत होती. कशासाठी? तांदूळ, पास्ता, तेल अशा साधारण २० फ्रँकच्या सामानाच्या पिशवीसाठी. त्या रांगेतल्या लोकांची पाहणी झाली तेव्हा दिसलं की सुमारे निम्म्या लोकांकडे वास्तव्याचे कागदच नव्हते. घरकाम, हॉटेल, बांधकाम अशी तासावारीची कामं करणारे हे लोक. काम बंद, म्हणजे पैसे बंद.

जगातल्या सर्वांत महाग शहरांच्या यादीत जिनिव्हा त्याआधीही वर होतं, नंतरही राहिलं. ज्यांच्या मजुरीने ती टोपली भरली होती, ते त्या टोपलीतलं काहीही विकत घेऊ शकत नव्हते. यादीला हे दिसणं शक्यच नव्हतं, कारण तिने ते विचारलंच नव्हतं.

ठीक आहे, मग पगाराची आकडेवारी बघू

तुम्ही म्हणाल, किमतींची यादी सोडा, सरकारी पगार-पाहणी घेऊ. घेऊ या. स्वित्झर्लंडच्या सांख्यिकी कार्यालयानुसार २०२० मध्ये देशातला मध्यक पगार महिना ६,६६५ फ्रँक होता. सर्वांत खालच्या दहा टक्क्यांचा पगार ४,३८२ पेक्षा कमी आणि वरच्या दहा टक्क्यांचा ११,९९६ पेक्षा जास्त. भागाकार करा, सुमारे पावणेतीन पट येतं. पहिल्या नजरेला वाटतं, विषमता तशी आटोक्यात आहे.

आता पद्धतीचं पान उघडा. दोन गोष्टी सापडतात.

एक, ही पाहणी किमान तीन कर्मचारी असलेल्या आस्थापनांची आहे, तीही उद्योग आणि सेवा क्षेत्रातल्या. शेती नाही. आणि घर म्हणजे आस्थापना नव्हे, त्यामुळे चार घरी धुणीभांडी करणारी बाई यात येतच नाही. तिचा पगार कमी मोजला गेलाय असं नाही, तिची ओळच तक्त्यात नाही.

दोन, सगळे पगार पूर्णवेळ कामाला बेतून लिहिले जातात: आठवड्याला ४० तास, महिन्याला सव्वाचार आठवड्यांहून किंचित जास्त. ही सोय चुकीची नाही, दराची तुलना करायला ती हवीच. पण ज्याला आठवड्याला २० तासांचंच काम मिळतं, त्याच्या हातात निम्मे पैसे पडतात आणि तक्त्यात मात्र तो पूर्ण पगार घेणारा दिसतो. दर आणि कमाई यांतला हा फरक विसरलात, की तुमचा निष्कर्ष घसरला म्हणून समजा.

शिवाय खर्चाच्या बाजूलाही एक भोक आहे. स्वित्झर्लंडमध्ये आरोग्य विमा सक्तीचा आहे आणि त्याचा हप्ता उत्पन्नावर ठरत नाही, तो माणशी असतो. गरिबांना सरकारी मदत मिळते, पण हप्ता बँकरला आणि दुकानातल्या मुलीला तत्त्वतः एकच. हा हप्ता देशाच्या ग्राहक किंमत निर्देशांकात धरलाच जात नाही, त्याचा वेगळा निर्देशांक काढतात. कारण तांत्रिक आहे आणि समर्थनीयही. पण 'महागाई तर दोनच टक्के' असं म्हणताना कमी पगाराच्या घरातला एक मोठा खर्च आपण हिशोबाबाहेर ठेवलेला असतो.

२३ फ्रँक

२७ सप्टेंबर २०२० ला जिनिव्हाच्या मतदारांनी तासाला २३ फ्रँक किमान वेतन मंजूर केलं. सुमारे ५८ टक्के लोक बाजूने होते आणि १ नोव्हेंबरपासून ते लागू झालं. आपल्याकडे तेव्हा 'जगातलं सर्वांत जास्त किमान वेतन' म्हणून फॉरवर्ड फिरले. शंभर रुपयांना एक फ्रँक धरला तरी तासाला २,३०० रुपये! आपण इथे चाट पडतो.

पण हिशोब करून बघा. ४० तासांच्या आठवड्याने महिन्याला साधारण ३,९८७ फ्रँक होतात. मध्यकाच्या दोन तृतीयांशापेक्षा कमी, तो कमी पगार, अशी नेहमीची व्याख्या आहे. त्यानुसार २०२० ची सीमा येते ४,४४३ फ्रँक. म्हणजे जगात गाजलेलं किमान वेतनसुद्धा त्याच देशाच्या मोजपट्टीवर 'कमी पगार'च आहे. २० तासांचंच काम असेल तर हातात दोन हजारांच्या आत.

आणि कायदा झाला म्हणजे तो सगळ्यांपर्यंत पोचला असंही नाही. कागद नसलेल्या बाईने कमी पगाराची तक्रार करायची, तर आधी आपण इथे आहोत हे सांगावं लागतं. जिनिव्हाने २०१७-१८ मध्ये 'पापिरस' नावाची मोहीम राबवून अशा दोन हजारांहून जास्त लोकांना वास्तव्याचे परवाने दिले. जिनिव्हा विद्यापीठाच्या संशोधकांनी परवाना मिळालेल्या आणि न मिळालेल्या अशा दोन्ही गटांना काही वर्षं पुन्हापुन्हा भेटून त्यांचं आरोग्य आणि आर्थिक स्थिती तपासली. त्या प्रकल्पाचं नाव पार्शमाँ, मिळाला तर जरूर वाचा. ज्यांची यादीच नाही त्यांचा नमुना कसा घ्यायचा, हा प्रश्न तिथे टाळलेला नाही.

यादीची बाजू

एवढी टीका केल्यावर एक कबूल करायला हवं. यादी खोटी नाही. ज्या अधिकाऱ्याला कंपनी दोन वर्षांसाठी झुरिचला पाठवतेय, त्याच्यासाठी ती उपयोगाची आहे. चूक आपली आहे, एका कामासाठी बनवलेली फूटपट्टी आपण दुसऱ्या कामाला लावतो. वर्तमानपत्रं मथळ्यात 'कोणासाठी' हा शब्द गाळतात, आणि मग तोच मथळा एखाद्या शोधनिबंधाच्या पहिल्या परिच्छेदात संदर्भ म्हणून येऊन बसतो. हे मी स्वतः पाहिलंय, आणि एकदा माझ्याच सेमिनारमध्ये केलंयही. समोरून "बेस काय धरलाय?" असा प्रश्न आला आणि मला उत्तर देता आलं नाही.

आपल्या घरचं उदाहरणही फार लांब नाही. जेआरएफ १ जानेवारी २०२३ पासून ३७,००० रुपये आहे. घरभाडं भत्ता शहराच्या वर्गावर ठरतो आणि मुंबई व पुणे दोन्ही 'एक्स' वर्गात, म्हणून टक्केवारी एकच. पवईत खोली शोधलेल्या आणि पाषाणला शोधलेल्या माणसाला विचारा, ही दोन्ही शहरं 'एक' आहेत का! आणि ज्या प्रयोगशाळेत आपण हा भत्ता पुरत नाही म्हणून कुरकुरतो, तिथली फरशी पुसणाऱ्या कंत्राटी मावशींना महिन्याला किती मिळतात, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? मलाही चौथ्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. एकदा चहा पिताना विचारलं. आकडा ऐकून मी माझ्या एचआरएबद्दल त्यांच्यासमोर बोलणं बंद केलं.

तर झुरिचचा मेसेज करणाऱ्यांनो, तुमच्यासाठी उत्तर असं आहे. ऑफर लेटरमधला पगार घ्या. त्यातून कर, विम्याचा हप्ता आणि विद्यार्थी प्रत्यक्षात देतात ते खोलीचं भाडं वजा करा, सगळं फ्रँकमध्येच. रुपयात बदलायचा मोह शेवटपर्यंत आवरा. उरलेल्या आकड्यावर ठरवा. मोठ्या यादीतला क्रमांक यात कुठेच लागत नाही.

आणि ज्यांना या विषयावर संशोधन करायचंय, त्यांच्यासाठी एक गृहपाठ. तुमच्या आवडीचा कुठलाही निर्देशांक घ्या आणि त्याच्या पद्धतीच्या पानावरून फक्त एक गोष्ट शोधा: यात कोण मोजलं गेलेलं नाही? अर्धं पान लिहा. पुष्कळदा संशोधनाचा प्रश्न त्या अर्ध्या पानातच सापडतो.