लेखणी बदलली, अम्मी विसरली

उर्दू वाचकाला चालू कथेत लेखक बदलणे नवीन नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ ही अवाढव्य दास्तान छापली. तिचे पहिले चार खंड मुहम्मद हुसैन जाह यांनी लिहिले आणि पुढचे अहमद हुसैन कमर यांनी. कथा तीच, कथाकार मात्र वेगळा. दास्तानीचे मूळ भांडार सर्वांचे होते. दास्तानगो ते आपापल्या जिभेने फुलवीत असे.

अमेरिकेतील सुपरहिरोंच्या चित्रकथांचे वरवर पाहता असेच आहे. पात्र कंपनीच्या मालकीचे, लेखक कामापुरता. दरमहा साधारण वीस पानांचा अंक निघतो. एक लेखक जातो, दुसरा येतो, पात्र चालत राहते. मग या बदलात हरवते ते काय? हा प्रश्न आम्ही कमला खानच्या ‘मिस मार्व्हल’ मालिकेवरून तपासू इच्छितो. कारण ही मुलगी आमच्याच घरातली वाटावी अशी आहे.

कमला जर्सी सिटीत राहणारी, पाकिस्तानी आईबापांची सोळा वर्षांची लेक. 2014 साली तिची मालिका सुरू झाली आणि मार्व्हलच्या स्वतंत्र मालिकेला पहिली मुस्लिम नायिका मिळाली. संपादिका सना अमानत, लेखिका जी. विलो विल्सन आणि चित्रकार एड्रियन अल्फोना ही मूळ मंडळी. पहिल्या संग्रहाला 2015 साली ह्यूगो पुरस्कार मिळाला. विल्सन या इस्लाम स्वीकारलेल्या अमेरिकन लेखिका. त्यांनी कमलाला अंगलांबीची शक्ती दिली खरी, पण त्यांचे खरे काम घराच्या उंबरठ्याआतले आहे. काळजीने पोखरलेली अम्मी, बँकेत नोकरी करणारे अब्बू, धार्मिक वृत्तीचा भाऊ आमिर यांपैकी कोणीही ठोकळा नाही. मशिदीतले शेख अब्दुल्ला कमलाला झापतील अशी वाचकाची अपेक्षा असते. ते मात्र सांगतात की हे काम करायचेच असेल तर एखादा उस्ताद शोध. शिक्षक म्हणून आम्हाला हा प्रसंग विशेष भावला. 2016च्या एका अंकात तर खानांचे पूर्वज 1947 साली मुंबईहून कराचीला निघताना दिसतात. परदेशी चित्रकथेत आमच्या मुंबईचा असा उल्लेख वाचताना काय वाटते, ते सांगायला नको.

या मालिकेतला सर्वात मोलाचा क्षण 2015च्या अंकांत आहे. जग संपण्याच्या बेतात असताना कमला अम्मीला आपले गुपित सांगू पाहते आणि अम्मी सांगते की मला ते ठाऊक होते. आई सर्व जाणते, गप्प राहते आणि तरी लेकीच्या पाठीशी उभी असते. मुस्लिम आई म्हणजे केवळ अडसर, या जुन्या साच्याला यापेक्षा चांगले उत्तर आम्ही चित्रकथेत वाचलेले नाही.

2019 साली विल्सन थांबल्या आणि सलादीन अहमद आले. तेही मुस्लिम, डेट्रॉइट परिसरात वाढलेले अरब-अमेरिकन. त्यांची हातोटी वेगळी: गती अधिक, परग्रहावरची सफर, भव्य प्रसंग. अब्बूंच्या गंभीर आजाराच्या कथेत त्यांनी लेकीची घालमेल मनापासून रंगवली आहे. पण त्यांच्या पहिल्याच कथेअखेर आईबापांच्या मनातून कमलाचे गुपित पुसले जाते. कथानकाच्या दृष्टीने हे सोयीचे आहे. गुपित असले की तणाव आयता मिळतो. परंतु त्यापायी अम्मीचे ते जाणणे गेले. नव्या लेखणीने जुन्या लेखणीची कमाई खोडली, असे आम्ही खेदाने म्हणतो.

येथे एक गैरसमज दूर होतो. लेखक ‘आपला’ असला की कथा सुरक्षित, असे आपण धरून चालतो. कमलाचा अनुभव तसा नाही. अहमदांनंतर आलेल्या समीरा अहमद तर मुंबईत जन्मलेल्या. त्यांना 2021–22 मध्ये अवघे पाच अंक मिळाले. पाच अंकांत पाहुणी येऊन जाते, घर सांभाळता येत नाही.

2023च्या मे महिन्यात कमला मेली, तीही आपल्या मालिकेत नव्हे, स्पायडरमॅनच्या अंकात, झेब वेल्स यांच्या कथेत, दुसऱ्या एका स्त्रीचे रूप घेऊन. परक्या घरी, परक्या चेहऱ्याने आलेले हे मरण आम्हाला फार लागले. पुढे विल्सन आणि सलादीन अहमद या दोघांनीही तिच्या स्मरणाच्या अंकात लिहिले. जुन्या लेखकांना मातीसाठी बोलावले. मरण ठरवताना तिचे घर कोणी आठवले असेल, असे तो अंक वाचून वाटत नाही. दोन महिन्यांत तिला उठवून ‘म्युटंट’ ठरवले गेले. ही नवी मालिका लिहिली ती साबिर पीरज़ादा आणि पडद्यावर कमला साकारणाऱ्या, कराचीत जन्मलेल्या इमान वेलानी यांनी. पात्र जगलेल्या मुलीच्या हाती लेखणी आली, ही त्यातल्या त्यात दिलासा देणारी गोष्ट.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. लेखक बदलणे हा गुन्हा नाही; जाह गेले आणि कमर आले, तरी दास्तान पुरी झाली. नव्या लेखकाने नवी वाट धरावीच. पण आधीच्या लेखकाने पात्राला कष्टाने जे ज्ञान दिले, जे नाते दिले, ते पुसून तणाव उभा करणे ही उसनवारी आहे. त्याची किंमत पात्राला मोजावी लागते आणि वाचकालाही.

आमच्या समाजाविषयी लिहिणाऱ्याला आम्ही पहिला प्रश्न विचारतो, तुम्ही कोण? प्रश्न गैर नाही, पण अपुरा आहे. यापुढे दुसराही विचारावा: तुमच्या आधी जे लिहिले गेले ते तुम्ही वाचलेत का, आणि त्यातले काय जपलेत?