न उघडणारे झाकण

समीक्षा पुस्तकांचीच करावयाची, असा आपल्याकडे एक समज आहे. वस्तुतः ज्या कृतीला मनुष्याने जाणीवपूर्वक आकार दिला, तिचा आशय आणि आकृतिबंध तपासणे हे समीक्षेचेच काम होय. आज घरोघरी सर्वाधिक हाताळली जाणारी अशी कृती म्हणजे मोबाइल फोन. त्याच्या रचनेतील एकाच तपशिलाचा, बॅटरीवरील झाकणाचा, येथे विचार करावयाचा आहे.

सन २००० मध्ये आलेल्या नोकिया ३३१० चे झाकण अंगठ्याने उघडत असे. बॅटरी थकली की दुकानातून नवी आणून घरीच बसविता येई. २००७ मधील पहिला आयफोन मात्र बंद पाठीचा निघाला. सॅमसंगने २०१४ च्या गॅलेक्सी एस ५ ला निघणारे झाकण दिले होते. २०१५ च्या एस ६ ला ते राहिले नाही. पुढे बॅटरी आत चिकटवून कवच बंद करणे हा जणू प्रघातच पडला.

बदल दिसावयास क्षुल्लक आहे. परंतु लिथियम-आयन बॅटरी शेकडो वेळा चार्ज केल्यावर क्षीण होते, हे रचनाकारास पूर्ण ठाऊक असते. जो भाग आधी झिजणार हे निश्चित, तोच सहज काढता येऊ नये असा बसविणे म्हणजे साऱ्या वस्तूचे आयुष्य त्याच्या आयुष्याशी जखडणे होय. जुन्या बॅटरीचे काही आयफोन सॉफ्टवेअरद्वारे मंद केले जातात, हे ॲपलने डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केले. फोन अचानक बंद पडू नये, हा हेतू कंपनीने सांगितला. नवी बॅटरी घातल्यास वेग परत येत असे. पण ज्याला हे कोणी सांगितलेच नाही, त्या ग्राहकाने फोनच म्हातारा झाला असे मानले, तर त्यास उधळ्या कसे म्हणावे?

या रचनेचा भार कोणावर पडतो ते पाहू. २०२२ या एका वर्षात जगात सुमारे ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला. त्यातील केवळ २२.३ टक्के कचरा रीतसर गोळा होऊन पुनर्प्रक्रियेस गेल्याची नोंद आहे. फोनपायी होणाऱ्या कार्बन उत्सर्जनाचा बहुतांश भाग त्याच्या वापरात नव्हे, तर निर्मितीत होतो. म्हणून अकाली टाकलेल्या फोनच्या जागी नवा येतो, तेव्हा तो सारा खर्च सृष्टीला पुन्हा सोसावा लागतो. बॅटरीतील कोबाल्टचा मोठा वाटा काँगोच्या खाणींतून येतो आणि तेथील काही खाणींत माणसे हातांनी खोदकाम करतात. दिल्लीच्या सीलमपूरमध्ये जुनी उपकरणे हातांनीच फोडली जातात. त्या श्रमिकांचा धूर व आम्लाशी नित्य संबंध येतो. फोनचा आराखडा ठरला तेव्हा त्यांचे मत विचारावयास कोणी गेले नव्हते.

बंद कवचामुळे फोन सडपातळ होतो आणि आत पाणी शिरत नाही, असे समर्थन केले जाते. सडपातळपणाचा मुद्दा मान्य करू. पाण्याचा मुद्दा मात्र टिकत नाही. कारण उपरोक्त एस ५ चे झाकण निघत असूनही तो पाण्यापासून सुरक्षित होता. म्हणजे उघडणारे झाकण अशक्य नव्हते. ते नको होते.

अशा परिणामांस ‘अप्रत्यक्ष’ म्हणण्याची रीत आहे. या शब्दाने मोठी फसवणूक होते. अप्रत्यक्ष म्हणजे अनपेक्षित नव्हे. ज्याचा हेतू धरला नव्हता, पण जे घडणार हे आधीच दिसत होते, त्याचे उत्तरदायित्व कर्त्याकडून सुटत नाही, हे नीतिशास्त्राचे प्राथमिक तत्त्व आहे. ग्राहकाला काटकसरीचा उपदेश करणे सोपे असते. पण काटकसरीचा मार्गच ज्याने बंद केला, त्याला प्रश्न विचारणे अधिक न्याय्य होय.

युरोपीय संघाने हा प्रश्न कायद्याने विचारला आहे. २० जून २०२५ पासून तेथे विक्रीस येणाऱ्या फोनच्या बॅटरीने ८०० वेळा चार्ज होऊनही ८० टक्के क्षमता राखली पाहिजे, असा दंडक आहे. १८ फेब्रुवारी २०२७ पासून, काही अपवाद वगळता, छोट्या उपकरणांतील बॅटरी ग्राहकास स्वतः काढता यावी, असा नियम आहे. आपल्याकडील वाचकाच्या हाती तूर्त एवढे निश्चितच आहे: फोन घेताना कॅमेऱ्याची चौकशी करण्यापूर्वी, ‘याची बॅटरी बदलता येते का, कोठे आणि किती खर्चात?’ असे विचारावे. दुकानदाराकडे उत्तर नसेल, तर त्या वस्तूविषयी आपले मत बनवावयास तेवढे पुरेसे आहे.