स्वीकार आणि अंगीकार : विद्यापीठीय पोर्टलांची मीमांसा

विद्यापीठांतील वेब पोर्टलांच्या अवलंबाविषयीचे बरेचसे विवेचन फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ साली मांडलेल्या तंत्रस्वीकाराच्या उपपत्तीवर उभे असते. नवे साधन उपयुक्त वाटणे व ते हाताळण्यास सुलभ वाटणे, या दोन प्रतीतींवर वापरणाऱ्याचा कल ठरतो, असे या उपपत्तीचे सार आहे. ती सुटसुटीत आहे. तिच्या आधारे प्रश्नावली तयार करणेही सोपे जाते. परंतु वापरणाऱ्यास नकाराची मुभा आहे, हे तिचे मूळ गृहीत होय. वेंकटेश व डेव्हिस यांनी २००० साली सक्तीच्या वापराचाही विचार केला. तथापि त्यांच्यासमोर होता तो संस्थांतील नोकरवर्ग. विद्यार्थ्याची स्थिती याहून निराळी आहे. पोर्टल नाकारणे म्हणजे त्याच्या लेखी परीक्षाच नाकारणे होय.

हा भेद बीड जिल्ह्यातील केजसारख्या तालुक्याच्या ठिकाणी स्पष्ट दिसतो. मराठवाड्यातील महाविद्यालये पूर्वी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाशी संलग्न होती. २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर, येथे मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले आणि उच्च शिक्षण या प्रदेशाच्या आवाक्यात आले. १९९४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव धारण केलेले हे विद्यापीठ केजहून तरीही दीडशे किलोमीटरांपेक्षा अधिक दूर आहे. गुणपत्रकातील एखाद्या चुकीपायी एसटीने जाऊन येण्यात विद्यार्थ्याचा अख्खा दिवस मोडत असे. निकाल व प्रवेशपत्र गावातच मिळू लागले, हे पोर्टलाचे श्रेय निःसंशय मान्य केले पाहिजे.

परंतु खिडकी नाहीशी झाली असे मात्र नाही. ती विद्यापीठाच्या आवारातून बाजारपेठेतील नेट कॅफेत आली. अर्ज विद्यार्थ्याच्या नावाचा असला, तरी पुष्कळदा तो भरणारा हात कॅफेचालकाचा असतो आणि पासवर्डही त्याच्याच वहीत राहतो. अशा वेळी ‘पोर्टल सुलभ वाटते काय?’ या प्रश्नाचे उत्तर नेमके कोणाचे मानावे?

शिष्यवृत्तीच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गंभीर होतो. बीड जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस जातात व उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. राज्य शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवर आधार-पडताळणीचा ओटीपी आधारशी जोडलेल्या मोबाईलवर येतो. तो मोबाईल वडिलांजवळ असेल आणि वडील दूरच्या फडात कोयता चालवीत असतील, तर मुलीचा अर्ज त्या सहा अंकांपाशी थांबतो. येथे साधनाविषयी नावड नाही किंवा अज्ञानही नाही. अर्जदाराच्या हाती स्वतःचा मोबाईल असणारच, असे योजनाकर्त्यांनी धरून चालणे हा खरा दोष आहे.

सक्तीचा दुष्परिणाम केवळ विद्यार्थ्यांपुरता राहत नाही. मुंबई विद्यापीठाने २०१७ साली उत्तरपत्रिकांचे संगणकाधारित मूल्यमापन अल्पावधीत लागू केले. निकाल रखडले, कुलपतींनी घालून दिलेली ३१ जुलैची मुदतही उलटली आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. पद्धतीचा स्वीकार एका निर्णयाने झाला होता. परीक्षक व यंत्रणा यांची तयारी त्या निर्णयाने होणे शक्य नव्हते.

म्हणून स्वीकार व अंगीकार या दोन संज्ञा वेगळ्या राखणे अगत्याचे आहे. स्वीकार परिपत्रकाने होतो. अंगीकारासाठी साधन वापरणाऱ्याच्या हाती व भाषेत यावे लागते. पोर्टलावरील नोंदींची संख्या पहिल्याचा पुरावा आहे, दुसऱ्याचा नव्हे. किती विद्यार्थ्यांनी अर्ज स्वतः भरला, किती चुका प्रवासाविना दुरुस्त झाल्या, आणि पोर्टल अडल्यास महाविद्यालयात दाद घेणारा माणूस होता काय, हे निकष केजसारख्या ठिकाणी लावून पाहिल्याखेरीज कोणत्याही विद्यापीठाने यशाचा दावा करणे अकालीच ठरेल.