कंपनी सरकारची, भाव वायूचा

विज्ञान शिक्षकांच्या एका शिबिरात ऊर्जेवरचे माझे व्याख्यान संपल्यावर एका शिक्षिकेने विचारले, "सर, ब्रिटनमध्ये सरकारने स्वतःची हरित वीज कंपनी काढली म्हणे. मग तिथल्या लोकांची बिले कमी झाली का?" मी 'नाही' म्हणायला तोंड उघडले आणि थांबलो. उत्तर चूक नव्हते, पण त्या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरलेली होती. वीज कंपनीचा मालक बदलला की विजेचा भाव बदलतो, असे ते गृहीत. ब्रिटनमध्ये या कंपनीवर जो वाद झाला, त्यातही दोन्ही बाजूंनी बहुतेक वेळा हेच धरून चालले होते.

आधी हकीकत थोडक्यात. ब्रिटनमधील घरगुती ऊर्जाबिलावर 'ऑफजेम' नावाची नियामक संस्था कमाल मर्यादा घालते. ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वसाधारण घराची ही मर्यादा वर्षाला १,२७७ पौंड होती. २६ ऑगस्ट २०२२ रोजी जाहीर झाले, की येत्या ऑक्टोबरपासून ती ३,५४९ पौंड होणार. रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर नैसर्गिक वायूचे भाव गगनाला भिडले होते, त्याचा हा परिणाम. अखेर सरकारने मध्ये पडून हा आकडा २,५०० पौंडांवर रोखला. लोक असे हवालदिल असताना २७ सप्टेंबर २०२२ रोजी लिव्हरपूल येथील मजूर पक्षाच्या अधिवेशनात कीअर स्टार्मर यांनी घोषणा केली, की आपले सरकार आल्यास 'ग्रेट ब्रिटिश एनर्जी' नावाची सरकारी मालकीची हरित ऊर्जा कंपनी काढू.

लोकांना ती आवडली, यात नवल नाही. ब्रिटनमधील वीज उद्योगाचे राष्ट्रीयीकरण १९४८ साली झाले आणि १९९० पासून त्याचे खासगीकरण झाले. पुढे गंमत अशी झाली, की स्वतःच्या सरकारला नको झालेल्या या धंद्यात इतरांची सरकारे उतरली. फ्रान्सची 'ईडीएफ', स्वीडनची 'वॅटनफॉल', डेन्मार्क सरकारचा निम्म्याहून थोडा अधिक हिस्सा असलेली 'अर्स्टेड', नॉर्वेची 'इक्विनॉर' यांनी ब्रिटनच्या किनाऱ्यावर आणि समुद्रात वीजप्रकल्प उभारले. "आमच्या वाऱ्याचा नफा डेन्मार्कच्या तिजोरीत का?" हा समर्थकांचा प्रश्न कोणालाही पटण्यासारखा होता, आणि नफ्यापुरता तो रास्तही होता. घोटाळा झाला तो नफ्यावरून उडी मारून बिलावर गेल्यामुळे.

ही उडी सोपी करण्यात 'कंपनी' या शब्दाचा मोठा हात आहे. आपल्याकडे २००५ मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे विभाजन होऊन निर्मिती, पारेषण आणि वितरण यांच्या वेगळ्या कंपन्या झाल्या. तरीही बिल घेऊन येणारी महावितरण म्हणजेच वीज तयार करणारी कंपनी, असे आपण सहज बोलून जातो. ब्रिटनमधील ग्राहकाचेही तसेच झाले. 'वीज कंपनी' म्हणजे महिन्याचे बिल पाठवणारी. तेव्हा सरकारी कंपनी येणार म्हणजे तिच्याकडे नाव नोंदवायचे आणि स्वस्त वीज घ्यायची, अशी कित्येकांची समजूत झाली. प्रत्यक्षात ही कंपनी घराघराला वीज विकणार नव्हतीच. पवन, सौर अशा प्रकल्पांत इतरांच्या भागीदारीने पैसे घालणे आणि काही प्रकल्पांची मालकी घेणे, हे तिचे काम. मे २०२४ अखेर, निवडणुकीचा प्रचार चालू असताना, स्टार्मर यांनी एका रेडिओ मुलाखतीत हे गुंतवणुकीचे साधन असल्याचे सांगितले, तेव्हा विरोधकांनी गिल्ला केला आणि अनेक समर्थकांना फसवल्यासारखे वाटले. माझ्या मते दोष ऐकणाऱ्यांचा कमी आणि सांगणाऱ्यांचा अधिक आहे. शब्द संदिग्ध होता आणि ती संदिग्धता पावणेदोन वर्षे सोयीची ठरली.

आता मुख्य मुद्दा. विजेचा भाव ठरतो कसा?

ब्रिटनच्या घाऊक बाजारात दर अर्ध्या तासाचा विचार स्वतंत्रपणे होतो. समजा, एखाद्या अर्ध्या तासात ४० गिगावॉट वीज लागणार आहे. वीज देऊ करणाऱ्यांची रांग लावली जाते, सर्वांत स्वस्त पुढे आणि सर्वांत महाग मागे. वाऱ्याला इंधन लागत नाही, म्हणून पवनचक्क्या पुढे. समजा, त्यांचे १५ गिगावॉट मिळाले. मग अणुवीज ५. राहिलेले २० वायूवर चालणाऱ्या केंद्रांकडून घ्यावे लागले. आता गंमत पाहा. रांगेतल्या शेवटच्या केंद्राला जो भाव द्यावा लागतो, तोच भाव त्या अर्ध्या तासात रांगेतल्या सगळ्यांना मिळतो. वायू महागला की वायूचा एक कणही न जाळणाऱ्या पवनचक्कीच्या विजेचाही भाव चढतो. २०२१ साली ब्रिटनच्या एकूण विजेपैकी सुमारे ४० टक्के वीज वायूपासून झाली होती, पण बाजारभाव मात्र बहुतांश काळ वायूनेच ठरवला.

या चित्रात सरकारच्या मालकीच्या ३ गिगावॉट पवनचक्क्या घाला. वायूचा वाटा २० वरून १७ वर येईल. हे चांगलेच आहे, तेवढा कार्बन डायऑक्साइड कमी. पण शेवटचे केंद्र अजूनही वायूचेच आणि भावही त्याचाच. भाव खाली येईल तो ज्या अर्ध्या तासांत रांगेत वायूची गरजच उरणार नाही, तेव्हा. तसे अर्धे तास वाढवायला पवनचक्क्या पुष्कळ लागतात. त्या कोणाच्या, याने काही फरक पडत नाही.

ग्राहकाला खरे संरक्षण दिले ते एका निराळ्याच गोष्टीने, आणि जाहीर वादात तिचा उल्लेख क्वचितच झाला. नव्या प्रकल्पांशी दीर्घ मुदतीसाठी ठरावीक दराचा करार केला जातो. बाजारभाव त्या दराच्या खाली गेला तर फरक प्रकल्पाला मिळतो, वर गेला तर प्रकल्पाने तो परत करायचा. वायू महागला त्या काळात असा करार लागू असलेल्या प्रकल्पांनी खरोखर पैसे परत केले. काहींनी मात्र करार सुरू होण्याची तारीख पुढे ढकलून चढा भाव पदरात पाडून घेतला, आणि सरकारी मालकी असलेल्या परदेशी कंपन्याही त्यात होत्या. सरकारी मालक नफ्याचा मोह सोडतो, असे समजण्याचे कारण नाही.

यानंतर थोडी आकडेमोड करू. ती नववीच्या वर्गात फळ्यावर करता येईल इतकी सोपी आहे. ब्रिटनमध्ये सुमारे २ कोटी ८० लाख कुटुंबे आहेत. स्वच्छ वीज धोरणामुळे २०३० पर्यंत घरटी बिलात वर्षाला ३०० पौंडांपर्यंत बचत होईल, असे मजूर पक्षाने सांगितले होते. गुणाकार केला तर वर्षाला ८.४ अब्ज पौंड होतात. आणि नव्या कंपनीला संसदेच्या पाच वर्षांच्या संपूर्ण मुदतीसाठी कबूल केलेली रक्कम? ८.३ अब्ज पौंड. म्हणजे पाच वर्षांचे सगळे भांडवल जवळजवळ एका वर्षाच्या बचतीएवढेच. वचन एकूण धोरणाचे होते, एकट्या कंपनीचे नव्हे, हे खरे. पण प्रचारात दोन्ही एकाच श्वासात सांगितले जात होते, आणि ऐकणाऱ्याने ते जोडले तर त्याला नावे कशी ठेवणार?

दुसरीकडून पाहू. समुद्रात एक गिगावॉटच्या पवनचक्क्या उभारायला ढोबळमानाने ३ अब्ज पौंड लागतात असे धरू. सगळे ८.३ अब्ज यातच घातले तर पावणेतीन गिगावॉट होतात. वारा सतत वाहत नाही, म्हणून सरासरी उत्पादन ४० टक्के धरू. वर्षाला साडेनऊ अब्ज युनिटांच्या आसपास वीज मिळेल. देशाची गरज ३०० अब्ज युनिटांहून थोडी अधिक आहे, म्हणजे हे जेमतेम तीन टक्के झाले. खासगी भागीदारांचा पैसा मिळाला तर आकडा दुप्पट-तिप्पट होईल. उलट, जून २०२५ मध्ये स्पष्ट झाले, की या ८.३ अब्जांतले अडीच अब्ज लहान अणुभट्ट्यांकडे जाणार आहेत.

आणखी एक गोष्ट घरगुती बिलाबद्दल. या बिलात विजेबरोबर घर ऊबदार ठेवायला लागणारा वायूही असतो. ऑफजेमने २०२३ साली धरलेल्या मानाप्रमाणे सर्वसाधारण घर वर्षाला २,७०० युनिट वीज आणि ११,५०० युनिट वायू वापरते. ३०० पौंडांची बचत केवळ विजेतून करायची, तर युनिटमागे ११ पेन्स कमी व्हायला हवेत. २०२४ च्या अखेरीस युनिटचा दर सुमारे २५ पेन्स होता. हा भागाकार एखाद्या वर्तमानपत्राने पहिल्याच दिवशी मोठ्या टायपात छापला असता, तर चर्चा फार वेगळी झाली असती.

विरोधकांचे युक्तिवादही यापेक्षा बरे नव्हते. नॉटिंगहॅमच्या नगरपरिषदेने २०१५ साली 'रॉबिन हूड एनर्जी' नावाची कंपनी काढली होती. ती २०२० मध्ये तोट्यात बंद पडली. 'सरकारी कंपनीचे हेच होणार' म्हणून तिचा दाखला वारंवार दिला गेला. पण ती किरकोळ विक्री करणारी कंपनी होती. घाऊक वीज विकत घेऊन घरोघर विकायची, हा तिचा धंदा. नव्या कंपनीचा तो धंदाच नव्हता. शिवाय २०२१-२२ मध्ये याच धंद्यातल्या दोन डझनांहून अधिक खासगी कंपन्याही बुडाल्या, हे सांगायचे राहून गेले.

समर्थकांचा आवडता दाखला फ्रान्सचा. तिथे २०२२ साली सरकारने विजेची दरवाढ ४ टक्क्यांवर रोखली, आणि ईडीएफ सरकारी असल्यामुळेच हे जमले, असे म्हटले गेले. ते अंशतः खरे आहे. पण त्याच वर्षी ईडीएफला १७.९ अब्ज युरोंचा विक्रमी तोटा झाला. नळ्यांतील गंजाच्या तडांमुळे बऱ्याच अणुभट्ट्या बंद होत्या, आणि त्यात वीज स्वस्तात द्यावी लागली. ग्राहकाच्या खिशातून न गेलेला पैसा करदात्याच्या खिशातून गेला. असे करणे योग्यही असू शकेल, गरीब घरांच्या दृष्टीने मला ते योग्यच वाटते. मात्र त्याला स्वस्त वीज म्हणता येणार नाही.

या गदारोळात एक खरोखर महत्त्वाची घटना जवळजवळ शांततेत पार पडली. १ ऑक्टोबर २०२४ रोजी ब्रिटनच्या सरकारने देशाच्या वीजव्यवस्थेचे संचालन करणारी संस्था ६३ कोटी पौंडांना विकत घेतली. कोणते केंद्र केव्हा चालवायचे, समतोल कसा राखायचा, पुढची दहा-वीस वर्षे जाळे कुठे वाढवायचे, याचे नियोजन तिच्याकडे आहे. स्कॉटलंडमध्ये भरपूर वारा आहे, पण ती वीज दक्षिणेला नेणाऱ्या वाहिन्या अपुऱ्या आहेत. त्यामुळे चालू पवनचक्क्या पैसे देऊन थांबवाव्या लागतात आणि दक्षिणेत वायूची केंद्रे चालवावी लागतात. ही गाठ सोडवण्याच्या कामात त्या संस्थेचा वाटा नव्या कंपनीपेक्षा मोठा आहे. पण तिच्या नावात 'ग्रेट ब्रिटिश' नव्हते आणि तिच्यासाठी सभा झाल्या नाहीत.

नव्या कंपनीचे मुख्यालय ॲबर्डीनला देण्यात आले. उत्तर समुद्रातील तेल आणि वायूवर वाढलेले हे शहर. तेलाचे काम ओसरत असताना इथल्या कामगारांची अपेक्षा नोकऱ्यांची होती. कंपनीचे अध्यक्ष युर्गेन मायर यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये सांगितले, की हजार नोकऱ्यांचा पल्ला गाठायला वीस वर्षेही लागू शकतील. ॲबर्डीनची नाराजी मला सर्वांत सार्थ वाटते. त्यांनी मालकीबद्दल काही विचारले नव्हते, आकडा विचारला होता, आणि तो उशिरा मिळाला.

कंपनीचा पहिला मोठा कार्यक्रम शाळांचा होता, म्हणून तो या मासिकाच्या वाचकांना सांगायलाच हवा. मार्च २०२५ मध्ये जाहीर झाले, की सुमारे २०० शाळा आणि जवळपास तेवढीच सरकारी रुग्णालये यांच्या छपरांवर सौर तक्ते बसवायचे. शाळांसाठी ८ कोटी पौंड, म्हणजे शाळेमागे ४ लाख. एका शाळेची बचत वर्षाला २५ हजार पौंडांपर्यंत होईल असा सरकारी अंदाज. सोळा वर्षांत मुद्दल सुटते. इथे मात्र वर सांगितलेली रांग आड येत नाही. शाळा दिवसा भरते, ऊनही दिवसाच असते, आणि छपरावरची जी वीज शाळेतच वापरली जाते ती बाजारात जातच नाही. वायूचा भाव काहीही असो, तेवढे युनिट मीटरवर पडत नाहीत.

तक्ते जाहीर होताच ते कुठले, हा प्रश्न आला. सौर तक्त्यांसाठी लागणाऱ्या शुद्ध सिलिकॉनचा मोठा वाटा चीनच्या शिनजियांग प्रांतातून येतो, आणि तिथे उइगूर लोकांकडून सक्तीने काम करून घेतले जात असल्याचे गंभीर आरोप आहेत. अशा मालावर बंदी घालणारी दुरुस्ती लॉर्ड्सच्या सभागृहाने कंपनीच्या विधेयकात घातली. मार्चमध्ये कॉमन्स सभागृहाने सरकारच्या सांगण्यावरून ती काढून टाकली. त्यावर इतका आवाज उठला, की एप्रिलमध्ये सरकारने माघार घेतली आणि पुरवठ्याच्या साखळीत वेठबिगारी असू नये, असे कलम स्वतःच आणले. अडीच वर्षांच्या वादात मालक कोण हे बाजूला पडून वस्तू कशी बनते, हे लोकांनी विचारले असा हा ठळक प्रसंग, आणि कायद्याचा मजकूर त्याने खरोखर बदलला. १५ मे २०२५ रोजी राजसंमती मिळून विधेयकाचा कायदा झाला, तो त्या कलमासह.