काचपात्रे, कोरीव व सोनेरी : उद्‌गमनिश्चिती

कोरीव व सोनेरी काम असलेली जुनी काचपात्रे कोठली व केव्हाची, हे ठरविण्याची पद्धती. महाराष्ट्रात जुनी उंची काच सरसकट ‘बेल्जियम’ची म्हणण्याचा प्रघात आहे, तो पुरावा नव्हे. कोल्हापूरची शाहूपुरी ही पेठच १८९५ मध्ये वसली. तेथील एखाद्या घरातील पेल्याचा उद्‌गम घराण्याच्या आठवणींवरून ठरत नाही.

बोहीमियाची पोटॅश-चुना काच कठीण असून तीवर फिरत्या चाकांनी खोल कोरीव काम साधते. स्पेनमधील ला ग्रांहा येथील राजाश्रित कारखान्यात (अठरावे शतक) कोरलेल्या फुलापानांवर सोने चढवीत. दोहोंतील साम्य इतके, की केवळ नक्षीवरून केलेले निदान विश्वसनीय नाही. इंग्रजी शिसे-काच वजनाने व नादाने ओळखू येते. भट्टीत पक्के केलेले सोने टिकते. नुसता चिकटविलेला वर्ख हाताळणीने झिजतो.

अठराव्या शतकातील चौकोनी सोनेरी बाटल्यांविषयी मतभेद आहेत. त्यांपैकी काहींची काच यूरोपीय, पण सजावट गुजरातेतील असावी, असे एक मत आहे. एका पात्राचे असे दोन उद्‌गम संभवत असता चिठ्ठीवर एकाच देशाचे नाव लिहिल्यास रंगविणारा कारागीर इतिहासातून पुसला जातो. ह. धी. सांकलिया व मो. गं. दीक्षित यांच्या ब्रह्मपुरी (कोल्हापूर) येथील उत्खननात (१९४५–४६) मिळालेल्या काचबांगड्यांचा काळ मातीच्या थरांवरून सांगता येतो. दिवाणखान्यातील पेल्याला असा थर नसतो. तेथे काचेचे घटक, तळाचा व्रण व सोन्याची झीज एकत्र तपासावी लागते.