‘अधांतर’ : खोलीतले आणि खोलीबाहेरचे

हिंगोलीहून किंवा वसमतहून मुलगा मुंबईला निघाला की आई आधी विचारते, “राहशील कुठे?” कोकणातून आणि घाटावरून आलेल्या कष्टकऱ्यांना ह्या प्रश्नाचे उत्तर एकेकाळी गिरणगावात मिळे. गाववाल्यांची खोली असे, खानावळ असे. ते उत्तर कसे नाहीसे झाले हे जाणून घ्यायचे, तर जयंत पवार ह्यांचे ‘अधांतर’ हे नाटक पुन्हा वाचावे.

18 जानेवारी 1982 रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्याने मोडलेल्या घराची ही कथा 1997 साली रंगभूमीवर आली. चाळीतली एक खोली, आई, तीन मुलगे आणि एक मुलगी, एवढाच संसार. एका मुलाला लेखक व्हायचे आहे, दुसरा गुन्हेगारीत ओढला गेला आहे. पवारांचे मोठेपण असे की, ते कोणालाही नुसते बिचारे करून सोडत नाहीत. रोजगार गेला की एकाच रक्ताची माणसे एकमेकांना कशी ओरबाडतात, हे टोमण्यांतून आणि भांडणांतूनच कळत जाते.

मात्र ह्या खोलीवर ज्यांची सावली पडली आहे, ते रंगमंचावर येत नाहीत. ह्याच नाटकावरून 2010 साली निघालेल्या ‘लालबाग परळ’ चित्रपटाने गिरणीमालकाला पडद्यावर आणले, पण खरा पेच नियमात होता. 1991 च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचा एकेक तृतीयांश हिस्सा मोकळ्या जागेसाठी व सार्वजनिक घरांसाठी सुचवला होता. 2001 साली ही वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या जागेपुरती उरली आणि जनतेचा वाटा आक्रसला. 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल ग्राह्य धरला. गिरणीच्या जागी मॉल उभा राहिला.

नाटक 2001 च्या आधीचे. त्याला ह्याचा दोष देणे अन्यायाचे होईल. परंतु नियमाच्या एका ओळीतले नाट्य आपल्या साहित्याने अजून पुरते ओळखलेले नाही, असे मला वाटते.

हिंगोली 1 मे 1999 रोजी जिल्ह्याचे गाव झाले. अशा गावात जमिनीचा भाव आधी बदलतो, माणसांना ते मागाहून कळते. विकास आराखड्यावर नागरिकांच्या हरकती-सूचना मागवाव्यात, अशी तरतूद 1966 च्या नगररचना कायद्यात आहे. आराखडा जाहीर होईल तेव्हा घरातल्या कोणीतरी तो वाचावा. ‘अधांतर’मधल्या आईला तशी संधी कोणी दिलीच नव्हती.